दगड फोडणाऱ्या यंत्रांची निवड : खनिज प्रक्रियेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रास्ताविक

धातूंचा इतिहास लिहिताना आपण साधारणपणे खाण आणि भट्टी या दोन स्थळांचा विचार करतो. खाणीतून निघालेला दगड भट्टीपर्यंत पोहोचण्यापूर्वी फोडावा लागतो, कुटावा लागतो आणि पुष्कळदा पिठासारखा दळावा लागतो, या मधल्या टप्प्याकडे मात्र इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. धातुक, म्हणजे ज्यातून धातू काढणे परवडते असा दगड, निसर्गात क्वचितच शुद्ध स्वरूपात सापडतो. उपयुक्त खनिजाचे कण निरुपयोगी दगडात गुंतलेले असतात. ते मोकळे केल्याशिवाय पुढील कोणतीही प्रक्रिया शक्य होत नाही. म्हणून दगड फोडण्याचे साधन कोणते निवडावे, हा प्रश्न खाणकामाइतकाच जुना आहे.

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा संशोधकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक वर्षी अमुक यंत्र निघाले आणि त्याने जुन्या यंत्राची जागा घेतली, अशी त्याची मांडणी असते. प्रत्यक्षात जुनी साधने नव्या साधनांबरोबर दीर्घकाळ नांदली आणि काही ठिकाणी नवे यंत्र उपलब्ध असूनही हातोडाच पसंत केला गेला. असे का झाले हे समजून घ्यावयाचे असेल, तर शोध लावणाऱ्याच्या जागी न राहता निवड करणाऱ्याच्या जागी उभे राहून विचार करावा लागतो. प्रस्तुत निबंधात तसा प्रयत्न केला आहे. ‘विश्वासार्ह’ यंत्र असे स्वतंत्रपणे काही नसते. दगडाचा स्वभाव, पुढील प्रक्रियेची गरज, दुरुस्तीची स्थानिक सोय आणि काम करणारा माणूस या चार गोष्टींशी यंत्राचे जे नाते जुळते त्यालाच विश्वासार्हता म्हणावे लागते, हे येथे दाखवावयाचे आहे. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींचा हिशेब इतिहासात वेळोवेळी मांडला गेला. चौथीचा हिशेब मात्र फार उशिरा सुरू झाला.

यंत्रापूर्वीचा काळ : माणूस हेच साधन

इ.स.पूर्व पहिल्या शतकातील ग्रीक इतिहासकार डायोडोरस याने आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात इजिप्तच्या दक्षिण सीमेवरील सोन्याच्या खाणींचे वर्णन केले आहे. ते त्याने त्याच्या आधीच्या शतकातील ॲगाथार्किडीस या लेखकाच्या आधारे केले. त्यात कामाची विभागणी स्पष्ट दिसते. धडधाकट पुरुष लोखंडी हातोड्यांनी खडक फोडत. मुले ते तुकडे बाहेर आणीत. वयाने मोठे पुरुष दगडी उखळात लोखंडी मुसळांनी ते कडधान्याच्या दाण्याएवढे होईपर्यंत कुटत. आणि शेवटी स्त्रिया व वृद्ध माणसे जात्यावर त्याचे पीठ करीत. ही सर्व माणसे कैदी किंवा दंडित होती. खनिज प्रक्रियेच्या आधुनिक कारखान्यात ज्याला प्राथमिक दलन, दुय्यम दलन आणि सूक्ष्म दळण म्हणतात, ते तीनही टप्पे येथे आहेत. फक्त प्रत्येक टप्प्यावर यंत्राऐवजी एका वयोगटाची माणसे उभी आहेत.

दक्षिण भारतातही या कामाच्या खुणा आहेत. रायचूर जिल्ह्यातील हट्टीच्या परिसरात प्राचीन सोनखाणी होत्या. पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑलचिन यांनी १९६२ मध्ये भारतातील प्राचीन सुवर्णखननावर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात अशा जुन्या खाणींची आणि तेथील दगड कुटण्या-दळण्याच्या पद्धतींची चर्चा आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात तर १९व्या शतकातही तांबे आणि कथील यांच्या खाणींवर हे काम मुख्यतः स्त्रिया आणि मुली करीत. मोठे धोंडे लांब दांड्याच्या हातोड्याने फोडणे, त्यातील चांगला भाग छोट्या हातोडीने वेगळा करणे आणि शेवटी सपाट लोखंडी हातोड्याने तो बारीक करणे, अशी तीन वेगवेगळी कामे होती आणि प्रत्येकाला स्वतंत्र नाव होते.

या काळात साधनाच्या निवडीचा प्रश्न नव्हता असे नाही. हातोडा फोडतो आणि त्याच वेळी डोळा निवडतो. निरुपयोगी दगड पुढे जातच नाही. फोडणे व निवडणे ही दोन कामे एकाच हाताने होणे, हा मानवी श्रमाचा एक गुण होता आणि पुढील काळातील कोणत्याही दलनयंत्राला तो लाभला नाही. नागपूर-भंडारा भागाचा विचार करताना याचा पुन्हा उल्लेख करावा लागणार आहे.

उखळ-मुसळाचे यंत्र : स्टॅम्प मिल

जॉर्जियस ॲग्रिकोला या जर्मन विद्वानाचा ‘दे रे मेटॅलिका’ हा खाणकामावरील ग्रंथ १५५६ मध्ये बाझेल येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या आठव्या भागात धातुक निवडणे, फोडणे, कुटणे व धुणे यांचे सचित्र विवेचन आहे. पाणचक्कीच्या आडव्या कण्याला बसवलेल्या दांत्यांनी लोखंडी टोकाची उभी लाकडी मुसळे उचलली जातात आणि स्वतःच्या वजनाने खाली पडतात, अशी ती रचना होती. आपल्या घरातील उखळ-मुसळाचेच हे जलशक्तीवर चालणारे रूप होय.

१८४८ नंतर कॅलिफोर्नियात सोन्याची धाव सुरू झाली आणि या यंत्राला नवे रूप मिळाले. लाकडी चौकोनी दांड्याऐवजी लोखंडी गोल दांडा आला. उचलताना तो थोडा फिरत असे, त्यामुळे त्याच्या तळाचा बूट सर्व बाजूंनी सारखा झिजे. पाच मुसळांचा एक संच असे. मुसळे ओळीने एकामागून एक न पडता ठरावीक आडक्रमाने पडत, म्हणजे लगदा उखळाच्या एका टोकाला साचत नसे. सुमारे ४५० किलो वजनाचे मुसळ मिनिटाला शंभराच्या आसपास वेळा १८ सेंटीमीटर उंचीवरून पडते असे धरले, तर ते केवळ उचलण्यासाठी सुमारे १.३ किलोवॉट शक्ती लागते. एवढी शक्ती चोवीस तास खर्च करून एक मुसळ काही टन धातुकच कुटू शके. शक्तीच्या दृष्टीने हे यंत्र उधळे होते आणि त्याचा आवाज दूरवर ऐकू जाई.

असे असूनही सोन्याच्या खाणींनी ते पाऊणशे वर्षे सोडले नाही. त्याची कारणे विश्वासार्हतेच्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले कारण असे की, झिजणारे भाग मोजके होते : मुसळाचा बूट आणि उखळाचा तळ. दोन्ही ओतीव लोखंडाचे असत आणि साधा लोहार-सुतार ते बदलू शके. दुसरे कारण म्हणजे एखादे मुसळ बिघडले तर ते वर टांगून ठेवता येई आणि बाकीची चालू राहत. पन्नास मुसळांच्या गिरणीत एक बंद पडल्याने उत्पादन केवळ दोन टक्क्यांनी घटे. तिसरे कारण पुढील प्रक्रियेशी निगडित होते. उखळात पाणी सोडलेले असे आणि बाहेर पडणारा लगदा पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहत जाऊन सोने तेथे धरले जाई. कुटणे आणि सोने पकडणे ही कामे लागोपाठ एकाच ठिकाणी होत. म्हणजेच खाणमालकाने उखळ-मुसळ निवडले ते फोडण्यासाठी उत्तम म्हणून नव्हे, तर पाऱ्याच्या प्रक्रियेला ते पूरक होते म्हणून.

चरक आणि अडकित्ता : रूळ व जबडा

१९व्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात जॉन टेलर (१७७९–१८६३) या खाण अभियंत्याने रुळांच्या दलनयंत्राचा प्रसार केला. उसाच्या चरकाप्रमाणे दोन आडवे रूळ परस्परविरुद्ध फिरतात आणि मधला दगड दाबून फुटतो. मुसळाच्या आघातापेक्षा या दाबाने भुकटी कमी होते. तांब्याच्या धातुकात भुकटी धुताना वाहून जाण्याची भीती असल्यामुळे हा गुण मोलाचा होता. मात्र रुळात जाणारा दगड आधी लहान केलेला असावा लागे आणि ते काम हातोड्याकडेच राहिले. टेलर यांनी स्थापन केलेल्या व्यवसायातूनच पुढे ‘जॉन टेलर अँड सन्स’ ही कंपनी उभी राहिली. कोलारच्या सोनखाणींचे व्यवस्थापन १८८० पासून याच कंपनीकडे होते.

मोठे धोंडे फोडणारे पहिले यशस्वी यंत्र मात्र खाणीसाठी निर्माण झालेच नाही. ते रस्त्याच्या खडीसाठी झाले. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या न्यू हेवन शहरात एका रस्त्यावर खडी अंथरण्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या समितीत १८५१ मध्ये एली व्हिटनी ब्लेक यांची नेमणूक झाली. हाताने खडी फोडण्याचे काम किती कष्टाचे व संथ आहे हे त्यांनी जवळून पाहिले. काही वर्षांच्या प्रयत्नांनंतर १८५८ मध्ये त्यांना जॉ क्रशरचे पेटंट मिळाले. एक जबडा स्थिर आणि दुसरा वरच्या टोकाला बिजागरीसारखा टांगलेला, अशी त्याची रचना होती. विक्षेपी कण्याच्या फेऱ्यागणिक हलता जबडा किंचित पुढे येऊन दगड दाबतो, मागे जातो आणि फुटलेला दगड खाली सरकतो. सुपारी कातरणाऱ्या अडकित्त्याचीच ही तरफ आहे. फक्त बळ प्रचंड आणि हालचाल अगदी थोडी.

ब्लेक यांच्या पद्धतीच्या यंत्रातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जबड्याला रेटा देणाऱ्या टॉगल नावाच्या पट्ट्यांपैकी एक मुद्दाम कमकुवत ठेवण्याची प्रथा पडली. दगडाबरोबर हातोड्याचे डोके किंवा ड्रिलचा तुकडा आत गेला, तर जबडा वा सांगाडा तुटण्याऐवजी ही स्वस्त पट्टी तुटे आणि काही तासांत ती बदलता येई. यंत्र कधीच मोडू नये अशी अपेक्षा न ठेवता, ते मोडलेच तर कोठे मोडावे हे आधी ठरवून ठेवणे, हा विश्वासार्हतेचा एक प्रौढ विचार होता.

याउलट, डॉज पद्धतीच्या क्रशरमध्ये जबडा खालच्या टोकाला बसवलेला होता. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या दगडाचा आकार जवळजवळ एकसारखा राही, पण खालचे तोंड उघडझाप करीत नसल्याने यंत्र वारंवार तुंबे. एकसारखी खडी हवी की अखंड उत्पादन हवे, यांपैकी एकाची निवड करावी लागे. मोठ्या खाणींनी अखंड उत्पादन निवडले आणि डॉजचे यंत्र प्रयोगशाळा व छोट्या कामांपुरते उरले.

दगड चावणाऱ्या पृष्ठभागाच्या झिजेवर उपाय पोलादाच्या शास्त्रातून मिळाला. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये सुमारे १२ टक्के मँगनीज असलेले पोलाद तयार केले. आघात आणि दाब यांखाली हे पोलाद पृष्ठभागावर अधिकाधिक कठीण होत जाते. आजही जबड्याच्या पट्ट्यांसाठी प्रामुख्याने तेच वापरले जाते.

फिरता शंकू आणि निवडीचा पहिला नियम

जॉ क्रशर अर्धा वेळ दगड दाबतो आणि अर्धा वेळ रिकामा मागे जातो. ही उणीव शिकागोच्या फायलेटस गेट्स यांच्या जायरेटरी क्रशरने दूर केली. त्याला १८८१ मध्ये पेटंट मिळाले. खलबत्त्यात बत्ता कडेकडेने फिरवावा तसा एक शंकू बाहेरील भांड्यात डोलत फिरतो. एका बाजूचा दगड फुटत असतानाच दुसऱ्या बाजूचा खाली सरकतो. १८८३ मध्ये कनेक्टिकटमधील मेरिडन येथे दोन्ही यंत्रांची जाहीर स्पर्धा झाली. प्रत्येकाने ९ घनयार्ड दगड फोडावयाचा होता. गेट्सच्या यंत्राने तो २०.५ मिनिटांत फोडला, ब्लेकच्या यंत्राला ६४.५ मिनिटे लागली.

या निकालाने जॉ क्रशर इतिहासजमा व्हावयास हवा होता. तो झाला नाही. कारण स्पर्धेत फक्त वेग मोजला गेला होता. जायरेटरी यंत्र उंच व जड असते. त्याला खोल पाया आणि मोठी इमारत लागते. ज्या खाणीतून मोठे धोंडे निघतात, पण एकूण दगड थोडा असतो, तिला मोठ्या तोंडाचा जॉ क्रशरच परवडतो. हा अनुभव आर्थर टॅगार्ट यांनी १९४५ च्या आपल्या खनिज प्रक्रिया हस्तपुस्तिकेत एका सोप्या नियमात बांधला. यंत्राच्या तोंडाची रुंदी मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गाला सुमारे १६२ ने गुणावे. ताशी फोडावयाचे टन या संख्येपेक्षा कमी असतील तर जॉ क्रशर घ्यावा, अधिक असतील तर जायरेटरी. म्हणजे एक मीटर तोंड लागेल एवढे धोंडे असतील आणि ताशी १०० टनच काम असेल, तर जॉ क्रशर योग्य. तेच काम ताशी ४०० टनांचे असेल तर जायरेटरी योग्य. ‘चांगले यंत्र कोणते?’ या प्रश्नाला ‘काम किती आणि धोंडा केवढा?’ असा प्रतिप्रश्न करणारा हा नियम होता.

दुय्यम दलनासाठी १९२० च्या दशकात मिलवॉकी येथे सायमन्स कोन क्रशर विकसित झाला. त्याच्या वरच्या भांड्याभोवती जाड स्प्रिंगांचे कडे असे. लोखंडाचा तुकडा आत आला की भांडे क्षणभर उचलले जाई, तुकडा निघून जाई आणि यंत्र न थांबता काम चालू राही. ब्लेकच्या यंत्रात बळी जाणारी पट्टी होती. येथे तीही वाचली.

मुसळांच्या गिरणीची जागा एका मोठ्या क्रशरने घेतली तेव्हा एक नवा धोकाही निर्माण झाला. एक मुसळ थांबले तर पन्नासावा हिस्सा थांबे. एक क्रशर थांबला तर सर्व काही थांबे. यावरचे उत्तर यंत्रात नव्हते, कारखान्याच्या आखणीत होते. क्रशर आणि दळणयंत्रे यांच्यामध्ये फोडलेल्या धातुकाचा मोठा साठा ठेवण्यात येऊ लागला. क्रशर एक-दोन पाळ्यांत चालवावा, उरलेल्या वेळात त्याची दुरुस्ती करावी आणि दळणयंत्रे साठ्यावर अहोरात्र चालू ठेवावीत, ही पद्धत रूढ झाली.

ऊर्जेचा हिशेब

दगड फोडण्यास किती ऊर्जा लागते, या प्रश्नाला रिटिंगर यांनी १८६७ मध्ये आणि किक यांनी १८८५ मध्ये दोन भिन्न उत्तरे दिली. रिटिंगर यांच्या मते ती नव्याने निर्माण झालेल्या पृष्ठभागाच्या प्रमाणात असते. किक यांच्या मते फुटणाऱ्या घनफळाच्या प्रमाणात. अमेरिकेतील अॅलिस-चाल्मर्स या यंत्रनिर्मात्या कंपनीचे फ्रेड बाँड यांनी १९५२ मध्ये तिसरा सिद्धान्त मांडला. प्रत्येक दगडाला त्यांनी ‘कार्यनिर्देशांक’ दिला. बाँड यांच्या कोष्टकात हा निर्देशांक चुनखडीसाठी ११ ते १२, क्वार्ट्झसाठी सुमारे १३ आणि बेसाल्टसाठी सुमारे २० आहे. म्हणजे दख्खनचा काळा दगड फोडण्यास चुनखडीच्या सुमारे पावणेदोन पट ऊर्जा लागते.

या सूत्राने क्वार्ट्झचा हिशेब केला तर ४०० मि.मी. आकाराचा धोंडा १० मि.मी. पर्यंत फोडण्यास टनामागे सुमारे १.१ किलोवॉट-तास लागतात; पुढे तोच १० मि.मी. वरून ०.१ मि.मी. पर्यंत दळण्यास सुमारे ११.७ किलोवॉट-तास लागतात. (बाँड यांचा टन सुमारे ९०७ किलोंचा आहे.) हा हिशेब स्थूल असला तरी त्याचा अर्थ स्पष्ट आहे. फोडणे स्वस्त असते, दळणे महाग. म्हणून क्रशर निवडताना तो स्वतः किती वीज खातो यापेक्षा तो पुढच्या यंत्राला किती बारीक आणि किती नियमित माल देतो, हे पाहणे अधिक फायद्याचे ठरते. खरेदीच्या वेळी केवळ यंत्राच्या किमतीची तुलना करणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट सहसा येत नाही.

भारतीय अनुभव : कोलार, नागपूर-भंडारा आणि काळा दगड

वरील विवेचन भारतातील तीन उदाहरणांवर तपासून पाहता येते.

पहिले उदाहरण कोलारचे. म्हैसूर संस्थानातील या खाणींत सोने क्वार्ट्झच्या शिरांत होते. १८८० च्या दशकात चॅम्पियन शिरेचा शोध लागल्यावर तेथे स्टॅम्प मिल उभ्या राहिल्या. यंत्रांचे सुटे भाग समुद्रमार्गे विलायतेहून येत असताना, एक मुसळ बिघडले तरी बाकीची चालू ठेवता येणारी गिरणी निवडणे समंजसपणाचे होते. अडचण इंधनाची होती. वाफेच्या इंजिनांसाठी दुरून कोळसा व लाकूड आणावे लागे. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवसमुद्रम येथून सुमारे १४७ किलोमीटर अंतरावरून वीज आली आणि उधळ्या यंत्राची उधळपट्टी सुसह्य झाली. दुसरीकडे सायनाइड प्रक्रियेने निवडीची कसोटीच बदलली. १८८७ मध्ये पेटंट घेतलेल्या या प्रक्रियेत धातुक जितके बारीक, तितके सोने अधिक निघे. दक्षिण आफ्रिकेत १९०४ च्या सुमारास मुसळांच्या पुढे नळीच्या आकाराची दळणयंत्रे बसू लागली. मुसळ वाईट ठरले म्हणून मागे पडले नाही. ज्या पाऱ्याच्या पत्र्यासाठी ते निवडले होते त्याचे महत्त्व कमी झाले म्हणून मागे पडले. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या भागांतील मँगनीजचे उत्खनन १९व्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. लुई ली फर्मोर यांचा भारतातील मँगनीज निक्षेपांवरील बृहद्ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळात भारत हा जगातील अग्रगण्य मँगनीज उत्पादक देशांपैकी एक होता. ब्लेकचे यंत्र तोपर्यंत पन्नास वर्षांचे झाले होते. तरीही येथे दगड फोडणे व निवडणे ही कामे दीर्घकाळ हातानेच होत राहिली आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. याला मागासलेपणा म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. झोतभट्टीला ढेकळांच्या स्वरूपातील धातुक लागते. चुरा भट्टीतील हवेचा मार्ग रोखतो. त्यामुळे ढेकळांना किंमत होती आणि चुऱ्याला फारशी नव्हती. यंत्राने सरसकट फोडलेल्या धातुकात चुरा वाढला असता आणि निकृष्ट दगड चांगल्यात मिसळला असता. हातोडा मात्र फोडता फोडता निवडत होता. या अर्थाने खाणमालकाची निवड तर्कशुद्ध होती. परंतु ती तर्कशुद्ध ठरली, याचे दुसरे कारण मजुरी अत्यल्प होती हे आहे, आणि ते वगळून हा इतिहास लिहिता येत नाही.

तिसरे उदाहरण महाराष्ट्रातील काळ्या दगडाचे, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचे. बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. जॉ क्रशरचे पेटंट त्यानंतर पाच वर्षांनी निघाले. त्या मार्गाखालची खडी अर्थातच माणसांच्या हातांनी फोडलेली होती. दगडकामाची परंपरा असलेल्या वडार समाजाचे आणि इतर श्रमिकांचे श्रम महाराष्ट्राच्या रस्त्यांत, धरणांत व लोहमार्गांत मुरलेले आहेत. पुढे गावोगावी ‘खडी क्रशर’ आले आणि हा इंग्रजी शब्द मराठीत रुळला. येथे खाण व धातू नाही, पण निवडीची तत्त्वे तीच आहेत. बेसाल्ट कठीण व चिवट असल्याने पहिल्या टप्प्यात जॉ क्रशर आणि पुढे कोन क्रशर हा क्रम टिकाऊ ठरतो. मृदू चुनखडीसाठी उत्तम असलेली आघाती यंत्रे या दगडावर लवकर झिजतात. एका प्रदेशात नावाजलेले यंत्र दुसऱ्या प्रदेशात निकामी ठरू शकते, याचे हे सहज दिसणारे उदाहरण आहे.

न मांडलेला हिशेब : धूळ

ॲग्रिकोलाने १५५६ च्या त्याच ग्रंथात, सहाव्या भागात, खाणकामगारांच्या आजारांविषयीही लिहिले आहे. कोरड्या खाणीतील धूळ फुप्फुसात शिरून ती पोखरते, असे तो सांगतो. कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या परिसरात एकामागून एक सात पती गमावलेल्या स्त्रिया आढळतात, असेही त्याने नमूद केले आहे. म्हणजे दलनयंत्रांच्या इतिहासाचा जो आद्य ग्रंथ, त्यातच धुळीचा धोका नोंदलेला आहे. तरीही पुढील चार शतके यंत्राच्या निवडीत टन, अश्वशक्ती आणि झीज मोजली गेली; धूळ मोजली गेली नाही.

क्वार्ट्झमधील मुक्त सिलिकेचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कोलारच्या कामगारांत हा आजार असल्याचे २०व्या शतकाच्या पूर्वार्धातच वैद्यकीय तपासण्यांतून पुढे आले होते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सिलिकोसिसचा समावेश सूचना देणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या अनुसूचीत केला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील दगड फोडणारे यांत्रिक क्रशर बंद करून हरियाणातील निश्चित क्षेत्रात हलवण्याचा आदेश दिला. यंत्राचा गुणदोष ठरवताना त्याच्या शेजारी राहणाऱ्यांच्या श्वासाचाही विचार करावा लागतो, ही गोष्ट येथे न्यायालयाला सांगावी लागली.

तांत्रिकदृष्ट्या हा प्रश्न असाध्य नाही. कुटण्याची जुनी मुसळे पाण्यात चालत असल्याने गिरणीतील धूळ काही अंशी आपोआप बसे. कोरड्या क्रशरमध्ये दगड पडण्याच्या जागा बंदिस्त करणे, पाण्याचे तुषार सोडणे आणि धूळ शोषून घेणे हे उपाय उपलब्ध आहेत. त्यांचा खर्च यंत्राच्या किमतीत धरला नाही, तर तो नाहीसा होत नाही. तो कामगाराच्या फुप्फुसावर नोंदला जातो.

समारोप

दगड फोडण्याच्या साधनांचा हा इतिहास एका यंत्राने दुसऱ्यावर मिळवलेल्या विजयांचा इतिहास नाही. मेरिडनच्या स्पर्धेत हरलेला जॉ क्रशर आजही जगभर चालतो. मागे पडलेले रूळ १९८० च्या दशकात प्रचंड दाबाच्या दळणरुळांच्या रूपाने पुन्हा आले, कारण विजेची बचत महत्त्वाची झाली. मँगनीजच्या खाणीत हातोडा टिकला, कारण बाजाराला ढेकूळ हवे होते आणि हात स्वस्त होते. प्रत्येक वेळी परिस्थिती बदलली आणि ‘विश्वासार्ह’ या शब्दाचा अर्थही बदलला.

यावरून निवडीचा एक क्रम सुचतो. प्रथम दगड ओळखावा; नंतर पुढील प्रक्रियेला काय हवे ते पाहावे; मग यंत्र कोठे मोडेल आणि तेथे ते कोण दुरुस्त करील याचा विचार करावा; आणि किमतीचा प्रश्न त्यानंतर घ्यावा. परंतु या क्रमातही एक जागा रिकामी राहते. डायोडोरसच्या वर्णनातील वृद्ध व स्त्रिया, कॉर्नवॉलच्या मुली, भंडाऱ्याच्या मजूर बायका आणि खडी क्रशरवरील आजचा कामगार यांना यंत्राच्या निवडीबाबत कोणी विचारल्याचे दिसत नाही. त्या निवडीचे परिणाम मात्र त्यांनीच भोगले. अभियांत्रिकी, वाणिज्य आणि इतिहास हे विषय आपण वेगवेगळ्या वर्गांत शिकवतो. दलनयंत्राच्या निवडीसारखा प्रश्न या तिन्ही वर्गांत एकत्र मांडला गेला, तर ही रिकामी जागा विद्यार्थ्यांना दिसेल. जे यंत्र दगड फोडते पण माणसाला सुखरूप घरी पाठवीत नाही, ते विश्वासार्ह नव्हे, एवढा निष्कर्ष या इतिहासातून निश्चित काढता येतो.